गावात मानसिक आजार मोजायला जाताना: सीमाभागातील वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आज ना उद्या गावातील सर्वेक्षण येतेच. कुटुंब दत्तक उपक्रमात तो काही घरांशी जोडला जातो, सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाच्या पोस्टिंगमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रावर जातो, आणि एखादा प्रकल्प हाती घेताना विषय म्हणून नैराश्य, दारूचे व्यसन किंवा वृद्धांमधील विस्मरण निवडतो. रक्तदाब मोजायला यंत्र आहे, साखरेला पट्टी आहे. मानसिक आजाराला यांपैकी काहीच नाही. तिथे आकडा तयार होतो तो विचारलेल्या प्रश्नातून, आणि प्रश्न कसा, कोणासमोर, कोणत्या भाषेत विचारला यावर तो आकडा दुप्पट-तिप्पट बदलू शकतो. म्हणून मनोविकारशास्त्र आणि साथरोगशास्त्र हे दोन विषय वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या पुस्तकांतून शिकवले जात असले, तरी गावात पाऊल टाकण्यापूर्वी ते एकत्र समजून घ्यावे लागतात. पुढे दिलेला क्रम त्यासाठीच आहे.

पहिली पायरी: आधी ओपीडी, मग गाव

ज्याने नैराश्याचा रुग्ण समोर बसवून नीट पाहिलेला नाही, त्याने नैराश्याची प्रश्नावली हातात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बेळगावात शासकीय आणि खासगी अशा दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत आणि धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था जवळच आहे. मनोविकार विभागातील पोस्टिंग केवळ हजेरीसाठी पूर्ण न करता तिथे मानसिक अवस्थेची तपासणी क्रमाने करायला शिकावे. रुग्णाचे दिसणे आणि वागणे, बोलण्याची गती, मनःस्थिती, विचारांचा ओघ आणि आशय, भास, स्मृती व लक्ष, आणि शेवटी आपण आजारी आहोत याची जाण, एवढे टप्पे सवयीचे होईपर्यंत लिहून काढावेत.

निदानाच्या कसोट्या पाठ असणे आवश्यक आहे, पण त्यांचा हेतू समजणे त्याहून आवश्यक आहे. डीएसएम-५ या अमेरिकन निदान-पुस्तिकेनुसार मोठ्या नैराश्यासाठी नऊ लक्षणांपैकी किमान पाच, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात आणि त्यांत उदासपणा किंवा रस नाहीसा होणे यांपैकी एक तरी असावेच लागते. शिवाय त्यामुळे माणसाला लक्षणीय त्रास होत असावा किंवा त्याच्या कामकाजात अडथळा येत असावा. ही शेवटची अट विद्यार्थी हमखास विसरतात. झोप, थकवा आणि भूक ही तीन लक्षणे तर शरीराच्या आजारातही असतात. ॲनिमिया, थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असलेली स्त्री प्रश्नावलीवर सहज पाच-सहा गुण मिळवू शकते, आणि ऊसतोडीच्या हंगामात पहाटेपासून राबणारा माणूस थकलेला असणारच.

याच ठिकाणी आपल्या भागातील एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीची पौर्णिमेची यात्रा, घरातील जागर, देवीच्या नावाने अंगात येणे, हे सीमाभागातील असंख्य घरांच्या श्रद्धेचा भाग आहे. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ताबा घेतल्याची अवस्था हा विकार म्हणून नोंदलेला असला, तरी ती अवस्था समाजमान्य धार्मिक विधीचा भाग असेल तर तिला विकार म्हणायचे नाही, असे तिथेच नमूद केलेले आहे. विधी संपल्यावर ती बाई नेहमीसारखी घरकामाला लागते की दिवसेंदिवस इच्छेविरुद्ध तशाच अवस्थेत जाऊन तिचे जगणे विस्कळीत होते, हे विचारल्याशिवाय कागदावर काही लिहू नये.

दुसरी पायरी: नेमके काय मोजायचे ते ठरवा

प्रिव्हलन्स म्हणजे ठरावीक वेळी समाजात असलेल्या रुग्णांचे प्रमाण, आणि इन्सिडन्स म्हणजे ठरावीक काळात नव्याने आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण, ही व्याख्या सर्वांना येते. मनोविकारांत हा फरक किती मोठा असतो हे स्किझोफ्रेनियावरून समजते. वर्षाला एक लाख लोकांमागे साधारण १५ नवे रुग्ण आढळतात. परंतु आजार अनेकांत वर्षानुवर्षे टिकत असल्याने कोणत्याही एका वेळी दर हजारी सुमारे चार ते पाच, म्हणजे लाखामागे चारशेहून अधिक रुग्ण समाजात असतात. प्रिव्हलन्स हा ढोबळमानाने इन्सिडन्स गुणिले आजाराचा कालावधी असतो, हे सूत्र येथे डोळ्यांसमोर उभे राहते. विद्यार्थ्याच्या एका भेटीच्या सर्वेक्षणातून इन्सिडन्स मिळत नाही, त्यामुळे प्रकल्पाच्या शीर्षकात तसा दावा करू नये. प्रिव्हलन्सही आजचा, गेल्या वर्षभरातला की आयुष्यभरातला हे लिहावे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये मानसिक विकारांचे चालू प्रमाण १०.६ टक्के आणि आयुष्यभराचे प्रमाण १३.७ टक्के आढळले. एकट्या नैराश्यासाठी हेच आकडे २.७ आणि ५.२ टक्के आहेत. कोणता आकडा उचलला यावर तुमच्या प्रस्तावनेचा अर्थ पालटतो. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत कर्नाटकही नव्हते, महाराष्ट्रही नव्हते, ही गोष्ट बेळगावच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवलीच पाहिजे. कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात त्याची पूर्वचाचणी तेवढी झाली होती.

"केस" कोणाला म्हणायचे हे ठरवले नाही तर काय होते, याचे उदाहरण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-ब्रिटन निदान प्रकल्पात सापडते. न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे निदान लंडनपेक्षा कितीतरी अधिक होत असे. दोन्ही शहरांतील रुग्णांना एकाच ठरावीक मुलाखतीने आणि एकाच कसोटीने तपासल्यावर तो फरक बहुतांशी नाहीसा झाला, म्हणजे फरक रुग्णांमध्ये कमी आणि डॉक्टरांच्या सवयींमध्ये जास्त होता. तुमच्या गटातील पाच विद्यार्थी पाच प्रकारे विचारत असतील, तर हाच प्रकार एका गावातल्या एका आळीत घडेल. त्यासाठी सुरुवातीला काही मुलाखती दोघांनी एकत्र ऐकून स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि ते कितपत जुळतात ते पाहावे.

तिसरी पायरी: प्रश्नावली आणि तिच्या मर्यादा

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचे, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण द्यायचे, एकूण २७ पैकी १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर पुढील तपासणी आवश्यक समजायची. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिच्यात ८ किंवा त्याहून अधिक गुण धोक्याचे मानतात.

या प्रश्नावल्या चाळणीसाठी आहेत, निदानासाठी नाहीत. हे वाक्य प्रत्येक विद्यार्थी परीक्षेत लिहितो आणि प्रकल्पात मोडतो. त्यामुळे हे गणित एकदा कागदावर करून पाहावे. समजा, गावातील १००० प्रौढांपैकी ५ टक्के, म्हणजे ५० जणांना खरोखर नैराश्य आहे. प्रश्नावलीची सेन्सिटिव्हिटी (आजारी माणसाला पकडण्याची क्षमता) ८० टक्के आणि स्पेसिफिसिटी (निरोगी माणसाला निरोगीच ठरवण्याची क्षमता) ९० टक्के धरू. आजारी ५० पैकी ४० जण पकडले जातील आणि १० निसटतील. निरोगी ९५० पैकी ९५ जण उगाच पॉझिटिव्ह ठरतील. एकूण पॉझिटिव्ह १३५, त्यांत खरे रुग्ण ४०. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दर दहा जणांत खरे रुग्ण जेमतेम तीन. आता हीच प्रश्नावली मनोविकार ओपीडीत वापरा, जिथे १००० पैकी ४०० जणांना नैराश्य आहे: तिथे ३२० खरे आणि ६० खोटे पॉझिटिव्ह मिळतील, आणि दहापैकी आठांहून अधिक खरे ठरतील. प्रश्नावली तीच, कसोटी तीच. बदलले ते फक्त आजाराचे मूळ प्रमाण. ओपीडीत शिकलेला आत्मविश्वास गावात तसाच वापरता येत नाही तो यामुळे.

यातला दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. वरच्या गावात विद्यार्थी लिहील, "नैराश्याचे प्रमाण १३.५ टक्के." खरे प्रमाण ५ टक्के. अशा आकड्यावर वर्तमानपत्रात मथळे होतात. ते टाळण्याचे दोन मार्ग आहेत. पॉझिटिव्ह आलेल्या सर्वांची आणि निगेटिव्ह आलेल्यांपैकी काहींची मनोविकारतज्ज्ञाकडून किंवा मिनीसारख्या ठरावीक निदान-मुलाखतीने तपासणी करावी. ते शक्य नसेल तर सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटी वापरून आकडा सुधारावा: आढळलेल्या प्रमाणात स्पेसिफिसिटी मिळवून एक वजा करावा आणि आलेल्या उत्तराला सेन्सिटिव्हिटी अधिक स्पेसिफिसिटी वजा एक याने भागावे. येथे ०.१३५ अधिक ०.९ वजा १, म्हणजे ०.०३५; ते भागिले ०.७, म्हणजे बरोबर ०.०५. यांपैकी काहीच केले नसेल, तर "चाळणीत पॉझिटिव्ह आलेल्यांचे प्रमाण" एवढेच लिहावे.

भाषेबद्दल थोडे. आरोग्य खात्याचे फॉर्म कन्नडमध्ये, विद्यार्थी कदाचित केरळचा किंवा उत्तरेकडचा, आणि घर मराठी, उर्दू किंवा कोकणी, असा प्रसंग आपल्याकडे रोजचा आहे. दारात उभे राहून तोंडी भाषांतर करणे हा सर्वांत वाईट पर्याय. प्रश्नावलीची तपासलेली मराठी आणि कन्नड आवृत्ती मिळवावी, ती याच भागातील पाच-सहा माणसांना वाचून दाखवावी आणि त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत विचारावे. पुण्याच्या कागदावरील मराठी येळ्ळूर-उचगावच्या आजीला परकी वाटू शकते. "दोन आठवडे" म्हणण्यापेक्षा "गेला पंधरवडा" म्हटल्यास आणि मागच्या अमावास्येची किंवा पौर्णिमेची खूण दिल्यास वयस्कर माणसे अधिक अचूक उत्तर देतात. मात्र असा जो काही बदल कराल तो सर्वांनी सारखाच करावा आणि अहवालात नोंदवावा.

चौथी पायरी: कोणाला विचारायचे

नमुन्याचा आकार काढण्यासाठी आपल्या महाविद्यालयांत चार पी-क्यू भागिले एल-वर्ग हे सूत्र शिकवतात. पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा केल्यावर उरते ती, आणि एल म्हणजे चालणारी चूक. प्रमाण १० टक्के अपेक्षित असेल आणि तीन टक्क्यांची चूक चालणार असेल, तर ४ गुणिले १० गुणिले ९० भागिले ९, म्हणजे ४०० माणसे. पण ही संख्या संपूर्ण तालुक्यातून एकेक माणूस चिठ्ठी टाकून निवडला तरच पुरेशी ठरते. प्रत्यक्षात आपण काही गावे निवडतो आणि त्या गावांतील घरे घेतो. एका गावातील माणसे एकमेकांसारखी असल्यामुळे माहिती कमी मिळते. म्हणून डिझाइन इफेक्ट, म्हणजे अशा गटवार निवडीमुळे नमुना जितक्या पट वाढवावा लागतो तो आकडा, दोन धरून ८००, आणि दहा टक्के लोक भेटणार नाहीत असे गृहीत धरून सुमारे ८९० माणसांची यादी करावी लागते. एवढे झेपत नसेल तर लहान सर्वेक्षण करावे, पण अनिश्चितता प्रामाणिकपणे लिहावी.

यादी कोणाची, हा प्रश्न आकारापेक्षा मोठा आहे. आशा कार्यकर्तीची नोंदवही आणि मतदारयादी या दोन्हींत ऊसतोड मजूर नसतात. गाळप हंगामात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, चिकोडी, रायबाग, अथणी या तालुक्यांत शेताच्या कडेला त्यांच्या खोपटांची वस्ती उभी राहते. त्यांना यादीबाहेर ठेवून "तालुक्यातील प्रौढ" असे शीर्षक देता येत नाही. एक तर त्या वस्त्यांचा वेगळा नमुना घ्यावा, नाही तर ते वगळले आहेत असे पहिल्याच पानावर लिहावे.

घरात गेल्यावर जो समोर दिसेल त्याला विचारण्याचा मोह होतो. सकाळी अकराला घरी असतात त्या स्त्रिया आणि म्हातारी माणसे. पुरुष शेतात, कारखान्यात किंवा उद्यमबागच्या फाउंड्रीत असतात. अशा नमुन्यात दारूचे प्रमाण कमी आणि नैराश्याचे प्रमाण जास्त दिसेल, आणि दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतील. घरातील प्रौढांपैकी ज्याचा वाढदिवस सर्वांत जवळ आहे त्याला निवडावे, किंवा वयानुसार यादी करून चिठ्ठी टाकावी. तो भेटला नाही तर संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जावे, शेजारच्याला त्याच्या जागी बसवू नये.

पाचवी पायरी: दारात

नीतिसमितीची परवानगी, लेखी संमती आणि माहितीची गोपनीयता यांत सूट नाही. संमतीपत्र घरच्या भाषेत असावे आणि वाचून दाखवावे.

गोपनीयतेची खरी कसोटी मात्र कागदावर नसते. आशाताई तुम्हाला गावात घेऊन जाते, दार उघडून देते, तिच्याशिवाय काम होत नाही. परंतु ती त्याच गावची असते, आणि तिच्यासमोर किंवा सासूसमोर सून नवऱ्याच्या दारूबद्दल खरे बोलणार नाही. आशाताईला ओळख करून देण्याची विनंती करावी आणि मुलाखतीच्या वेळी पुढच्या घरी जाण्यास सांगावे. सासूबाईंना दुसऱ्या विद्यार्थ्याने रक्तदाब तपासण्यासाठी ओसरीवर बसवले की सुनेला दहा मिनिटे मोकळी मिळतात.

निपाणीच्या एखाद्या गल्लीत बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असते. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे तिला हात थांबवायला लावणे म्हणजे तिच्या कमाईतून वेळ मागणे. तिच्या शेजारी जमिनीवर बसावे, "मावशी" किंवा "अक्का" म्हणावे, काम चालूच ठेवायला सांगावे. प्रश्नावलीतील पहिला प्रश्न थेट टाकण्याआधी झोप, भूक, अंगदुखी यांपासून सुरुवात केली तर ती बोलू लागते. "डोकं जड होतंय, जीव घाबराघुबरा होतोय, काय करावंसंच वाटंना झालंय," असे ती म्हणते आणि पानाची कड मुडपत राहते. यातले शेवटचे वाक्य म्हणजे रस नाहीसा होण्याचे लक्षण आहे. पहिली दोन चिंतेचीही असू शकतात, ॲनिमियाचीही. अशा वेळी "किती दिवस? रोज की अधूनमधून? पूर्वी आवडणारे काम आता कसे वाटते?" एवढे विचारावे आणि मगच गुण लिहावा. तिच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. "म्हणजे तुम्हाला डिप्रेशन आहे का?" या प्रश्नाला पाहुण्याचा मान म्हणूनही माणसे "हो" म्हणतात.

सहावी पायरी: नववा प्रश्न

पीएचक्यू-९ मधील शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो गाळू नये. असा प्रश्न विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार येतो, ही भीती निराधार आहे. उलट कोणीतरी विचारले याने अनेकांना हायसे वाटते. पण उत्तर शून्यापेक्षा जास्त आल्यास काय करायचे हे गावात जाण्यापूर्वी लेखी ठरलेले असावे. विचार किती वेळा येतो, काही बेत ठरवला आहे का, यापूर्वी प्रयत्न झाला आहे का, हे शांतपणे विचारावे. धोका वाटल्यास त्या व्यक्तीला एकटे न सोडता, सोबतच्या शिक्षकांना लगेच कळवून, तिच्या विश्वासातील एका नातेवाइकाला सोबत घ्यावे आणि त्याच दिवशी रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था करावी. शेतकऱ्यांच्या घरात कीटकनाशके हाताशी ठेवलेली असतात. ती कुलूपबंद किंवा घराबाहेर ठेवायला सांगणे हे जीव वाचवणारे साधे पाऊल आहे. येथे गोपनीयतेचे वचन जीव वाचवण्याच्या आड येत नाही, आणि हे संमती घेतानाच सांगितलेले असावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, हे पोलिसांच्या भीतीने गप्प बसणाऱ्या कुटुंबाला सांगता येते.

सातवी पायरी: आकडा वाचताना

४०० जणांत १० टक्के आढळले, तर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरे प्रमाण ज्या पट्ट्यात असण्याची अपेक्षा धरतात तो पट्टा, साधारण ७ ते १३ टक्के येते. गावांच्या गटांतून नमुना घेतला असेल तर ते सुमारे ६ ते १४ पर्यंत रुंदावते. शेजारच्या तालुक्यात ८ टक्के आढळले म्हणून "आमच्याकडे जास्त" असे लिहिता येत नाही.

संबंध आणि कारण यांची गल्लत मनोविकारांत सहज होते. १९३९ मध्ये फॅरिस आणि डनहॅम यांनी शिकागोच्या मध्यवर्ती गरीब वस्त्यांतून स्किझोफ्रेनियाचे रुग्ण अधिक दाखल होतात असे दाखवले. गरिबीने आजार झाला, की आजाराने माणूस गरिबीकडे घसरला? एकाच वेळी घेतलेल्या सर्वेक्षणातून याचे उत्तर मिळत नाही. बेरोजगारी आणि नैराश्य, दारू आणि नैराश्य, या जोड्यांनाही हेच लागू आहे. रुग्णालयातील रुग्णांवरून समाजाबद्दल बोलणे तर त्याहून धोक्याचे, कारण ज्याला दोन आजार आहेत तो रुग्णालयात पोहोचण्याची शक्यता अधिक असते. मग ते दोन आजार एकमेकांशी निगडित नसतानाही तसे भासतात.

दुय्यम आकडेवारी वापरताना ती कोणी गोळा केली ते पाहावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आत्महत्यांची आकडेवारी पोलीस नोंदींवर आधारलेली असते. २०१० साठी त्या विभागाने सुमारे १ लाख ३४ हजार आत्महत्या नोंदवल्या, तर घरोघरी जाऊन मृत्यूचे कारण विचारणाऱ्या मिलियन डेथ स्टडीने त्याच वर्षासाठी सुमारे १ लाख ८७ हजारांचा अंदाज दिला. राज्यांची तुलनाही एकूण संख्येने न करता लोकसंख्येच्या प्रमाणात करावी.

आठवी पायरी: अहवाल आणि परतीची फेरी

अहवालात किती घरी गेलात, किती भेटले, किती जणांनी नकार दिला, हे आकडे प्रमाणाच्या आधी लिहावेत. नकार देणाऱ्यांत आजारी माणसे जास्त असू शकतात.

अहवाल सादर झाला म्हणजे काम संपले असे मानू नये. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार सामान्य मानसिक विकार असलेल्यांपैकी ८५ टक्के लोक उपचारांबाहेर होते. तुमच्या यादीतही अशीच माणसे असणार, आणि त्यांनी तुम्हाला विश्वासाने सांगितलेले असते. पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला त्याच आठवड्यात चिठ्ठी द्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक तालुका रुग्णालयात कोणत्या वारी येते ते विचारावे आणि तो वार चिठ्ठीवर मराठी व कन्नड दोन्हींत लिहावा. १४४१६ हा टेली-मानसचा विनामूल्य, चोवीस तास चालणारा क्रमांकही त्यावर असावा. महिनाभराने त्या घरी पुन्हा जावे आणि कोण पोहोचले, कोण नाही, आणि न पोहोचण्याचे कारण बसभाडे होते, नवऱ्याचा नकार होता की बुडणारी मजुरी, हे नोंदवून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्यावे.